सुभेदार काका, आडवं उतरायला शिकवलंत त्याबद्दल

काका, साष्टांग नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच "बरं बरं, आई कशी आहे" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण साताऱ्याकडचा एक सुभेदार नोकरीतली कित्येक वर्षं बर्फात काढतो आणि रिटायर झाल्यावरही दर जानेवारीत पुण्या-साताऱ्याची चार पोरं-पोरी घेऊन स्कीइंग शिकवायला काश्मीरमधलं गुलमर्ग गाठतो, त्याबद्दल स्वतःच्या जाण्यायेण्याच्या खर्चापलीकडे एक पैसा घेत नाही, हे लोकांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

या मार्चमध्ये मी स्कीवर शावानेत हा उतार उतरले. फोटो पाठवलाय तुम्हाला पण फोटोत उतार कधीच कळत नाही, सगळं सपाट दिसतं, म्हणून नीट सांगते. फ्रान्समधल्या आव्होरिआच्या वर एक खिंड आहे, पा द शावानेत, अलीकडे फ्रान्स आणि पलीकडे स्वित्झर्लंड. पलीकडे जो उतार सुटतो त्याला सगळे स्विस वॉल म्हणतात. सुरुवातीचा तुकडा ४० अंशांच्या आसपास, एकूण लांबी साधारण एक किलोमीटर आणि तेवढ्यात तीनशेपेक्षा जास्त मीटर खाली यायचं. तिकडे उतारांना हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग असतात, काळा सगळ्यात अवघड, आणि हा काळ्याच्याही पुढचा, नारिंगी. बर्फ सपाट करणारं मशीन तिथे फिरत नाही त्यामुळे लोकांनी वळून वळून केलेले कमरेएवढे उंचवटे, मोगल, आणि काठावर उभं राहिलं की पहिला टप्पा दिसतच नाही हो, डायरेक्ट खालची दरी.

मी काय केलं, तर दोन्ही स्की आडव्या, वजन खालच्या स्कीवर, छाती दरीकडे, घोटे किंचित सैल करून वीतभर घसरायचं, परत एज, म्हणजे स्कीची कड, बर्फात रोवायची, परत वीतभर. वरचा सगळ्यात उभा भाग मी असाच साइडस्लिप करत उतरले, मग जरा रुंदी मिळाली तशी एकेक वळण घेत, प्रत्येक वळणानंतर थांबून. शेजारून पोरं उड्या मारत जात होती, जाऊ देत. मला खालपर्यंत कुठेही धडधडलं नाही, आणि त्याचं सगळं श्रेय तुमचं आहे.

कारण गुलमर्गला आलेल्या प्रत्येकाला वर जायचं असतं. गोंडोला, म्हणजे केबल कार, समोरच दिसतो ना. पहिला टप्पा १९९८ चा, कोंगदूरीपर्यंत नेतो, दुसरा २००५ चा, तो थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर ३,९५० मीटरच्या आसपास सोडतो, एवढ्या उंचीवर लिफ्टने नेऊन स्कीइंगला सोडणाऱ्या जागा जगात फार नाहीत. आणि तुम्ही आम्हाला खाली गोल्फ कोर्सच्या बाजूच्या छोट्याशा उतारावर धरून ठेवलंत, लिफ्ट पण नाही, स्की घालूनच आडवं आडवं चढायचं, वर पोचलं की एकही वळण न घेता फक्त आडवं घसरत खाली यायचं, डाव्या बाजूने, मग उजव्या बाजूने, मग डोळे मिटून. मग किक टर्न, उभ्या उतारावर जागच्या जागी एक पाय उचलून उलट फिरवायचा, मग दुसरा. कित्येक दिवस हेच. मला आठवतंय, तुम्ही सांगितलं होतंत की १९४८ साली लष्कराने गुलमर्गला स्की स्कूल काढलं, तेच पुढे हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं, आणि तिथे पाठीवर पिट्टू आणि रायफल असताना पडणं परवडत नाही, त्यामुळे आधी थांबायला शिकवतात, आडवं उतरायला शिकवतात, स्पीड सगळ्यात शेवटी.

तेव्हा तुम्ही जे कारण सांगितलंत ते मी आता दुसऱ्यांना सांगते. भीती वाटली की माणूस डोंगराकडे झुकतो, ते नैसर्गिकच आहे, पण डोंगराकडे झुकलं की खालच्या स्कीवरचं वजन जातं आणि वजन गेलं की एज सुटते, म्हणजे ज्या क्षणी पकड हवी त्याच क्षणी पकड जाते. म्हणून छाती दरीकडे. सह्याद्रीत रॅपलिंग केलेल्यांना हे लगेच पटतं, दोरावर मागे रेललं तरच पाय कड्यावर टिकतात, पण बर्फावर ते अंगात मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ तुम्ही आम्हाला दिलात. परदेशात तासावर पैसे मोजून हा वेळ कोणी देत नाही काका, खरंच नाही.

दुसरी गोष्ट त्या खड्ड्याची. दोन दिवस वादळ, मग स्वच्छ ऊन, दुसरा टप्पा उघडला आणि सगळं गुलमर्ग रांगेत. तुम्ही आम्हाला कोंगदूरीच्या वर, कमी उताराच्या सुरक्षित जागी नेलंत, फावड्याने छातीएवढा खड्डा खणलात, त्याच्या भिंतीतून बर्फाचा चौकोनी खांब कापलात आणि त्यावर फावडं ठेवून थापा मारायला लागलात, दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. आमचा खांब मनगटाच्या थापांतच सरळ रेषेत सरकला. खाली काय होतं ते तुम्ही हातात घेऊन दाखवलंत, डिसेंबरात पडलेला थोडासा बर्फ थंडीत तसाच पडून राहिला की त्याचे जाड साखरेसारखे सुटे दाणे होतात, एकमेकाला न चिकटणारे, आणि त्यावर पश्चिमेकडून आलेल्या वादळाने मोठा थर टाकला की तो थर नुसता ठेवलेला असतो, कशालाही धरून नसतो. ३० अंशांच्या वर उतार गेला की तो निसटू शकतो. तुम्ही एवढंच म्हणालात, आज वर नाही. मग आम्ही दिवसभर झाडीतल्या सौम्य उतारांवर फिरलो.

त्या दिवशी वर काहीही झालं नाही, सगळे मजेत खाली आले. रात्री एकाने तुम्हाला ते बोलून पण दाखवलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "झालं नाही म्हणून खड्डा खोटा ठरत नाही." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले तेव्हा बातमी वाचून पहिला फोन तुम्हालाच केला होता, आठवतं? तुम्ही बराच वेळ बोललाच नाहीत.

आणि आईचं काय सांगू. तिचा ठाम नकार होता, बाईमाणसाने एकटीने फ्रान्सला जाऊन डोंगरावरून उड्या मारायच्या वगैरे. तुम्ही साताऱ्याहून एसटीने आलात, चहा घेतलात आणि बॅगेतून दोन बीकन काढलेत, बर्फात गाडल्या गेलेल्या माणसाला शोधायची छोटी रेडिओ यंत्रं. एक चालू करून तांदळाच्या डब्यात खोल खुपसलंत, दुसरं आईच्या हातात दिलंत आणि म्हणालात, वहिनी, शोधा. कुठलीही कंपनी असो, सगळी बीकन ४५७ किलोहर्ट्झवरच बोलतात, त्यामुळे काश्मिरी पोराचं यंत्र जर्मन माणसाला शोधू शकतं, हे तुम्ही तिला समजावलंत. ती आधी हॉलमध्ये फिरली, मग आकडा कमी होत होत स्वयंपाकघरात गेली, आणि डब्यापुढे बसून हात घालून बाहेर काढलं. तिचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. मग तुम्ही तिला खरं तेच सांगितलंत, की गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुतेक वेळा वाचतो, नंतर शक्यता झपाट्याने कमी होते, म्हणून हे यंत्र असून भागत नाही, सोबत शोधायला येणारी माणसं लागतात, आणि तुमची मुलगी एकटी पिस्ट, म्हणजे आखून दिलेला उतार, सोडून जाणार नाही हा शब्द मी घेतलाय. खोटा धीर दिला असतात तर आई मानली नसती, मला खात्री आहे.

तो शब्द मी पाळला. फ्रान्समधल्या शामोनीला एग्वी द्यु मिदी या शिखरावर गेले तेव्हा गाइड घेतला. केबल कार ३,७७७ मीटरवर नेते, बर्फाच्या बोगद्यातून बाहेर पडलं की अरुंद धारेवरून उतरायचं, स्की पाठीवर, बुटांना क्रॅम्पॉन म्हणजे लोखंडी काटे, गाइडशी दोर बांधलेला. पुढची व्हॅले ब्लांश फार तीव्र नाही, वीस किलोमीटरची हिमनदीवरची रपेट आहे, तिथे भीती उताराची नाही, भेगांची, त्यामुळे गाइडच्या मागेच राहायचं. पण ती धार! तिथेही वजन पायावर, नजर पुढे, तुमचंच सगळं. रोज सकाळी मी मेतेओ-फ्रान्स या तिथल्या हवामान खात्याचं हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन तुम्हाला पाठवायचे, एक ते पाचपैकी आकडा, कुठल्या उंचीच्या वर, कुठल्या दिशेच्या उतारावर, आणि तुम्ही साताऱ्यात बसून फ्रेंच नकाशावर बोट ठेवून विचारायचात, "तुमचा उतार उत्तरेकडचा का? मग आज नको." गाइडचा निर्णय बहुतेक वेळा तोच असायचा. ऑस्ट्रियातल्या मायरहोफेनच्या हाराकिरी नावाच्या उताराचा ७८ टक्क्यांचा आकडा ऐकून मी हादरले होते तेव्हा तुम्हीच फोनवर सांगितलंत की टक्के वेगळे, अंश वेगळे, शंभर टक्के म्हणजे ४५ अंश, तुझे ७८ म्हणजे ३८ च्या आसपास.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला शिकायचं असेल तर काकांचाच सल्ला इथे देते, थेट आल्प्सला पळू नका. गुलमर्गला केंद्र सरकारची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग आहे, उत्तराखंडातल्या औलीला गढवाल मंडल विकास निगमचे कोर्स असतात, राहणं-खाणं-सामान सगळं धरून परदेशातल्या खर्चाच्या मानाने किरकोळ पैसे लागतात. गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गची पोरं तर काय स्की करतात, २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला भारताकडून एकटा गेलेला आरिफ खान त्याच भागातला. त्यांच्याकडून शिका, त्यांना नीट पैसे द्या, घासाघीस करू नका. बाहेर जाताना इन्शुरन्समध्ये ऑफ-पिस्ट आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू आहे का ते ओळ न् ओळ वाचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बरेचदा ते नसतं. आणि पुण्यात बर्फ नाही म्हणून रडत बसू नका, सिंहगड उतरताना मांड्या भरून येतात ना, तोच व्यायाम, शिवाय रोज भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, काका घड्याळ लावून बसवतात.

काका, तुम्ही स्वतः भारताबाहेर कधी स्की केलं नाहीत. मला दरवेळी हे आठवतं आणि वाईट वाटतं, म्हणून आता ठरवलंय. पासपोर्टचा अर्ज मी भरून ठेवलाय, तुम्ही फक्त कागद घेऊन साताऱ्याहून या, आई म्हणतेय जेवायलाच या म्हणजे सगळं एकदम होईल. पुढच्या मार्चला तिकीट माझ्याकडे. शावानेतला वर चेअरलिफ्ट आहे आणि ज्यांना उतार नको वाटतो ते त्याच लिफ्टने खाली येतात, कोणी काही म्हणत नाही. आपण काठावर उभं राहू, तुम्ही बर्फ बघा आणि सांगा, स्कीने की लिफ्टने. तुम्ही म्हणाल तसं.

तुमची,
डाव्या वळणाला अजून घाबरणारी पुण्याची पोरगी