ती लाल दोरी

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी ‘राहतेस ती बोट विकून टाक, खोली घे’ म्हटलं आणि तू फोन ठेवलास. ते पुन्हा म्हणणार नाही. पण रात्री किनाऱ्यावरून परतताना डिंगीचं, त्या लहान होडीचं, मशीन तापून बंद पडलं, वल्ही मारत बोट गाठली, दुसऱ्या दिवशी इम्पेलर, मशीन थंड ठेवायला पाणी खेचणारं ते रबरी पात्यांचं चाक, बदलला, हे तू बाजारातून भाजी आणल्यासारखं सांगितलंस. मला त्यातलं ‘रात्री’ आणि ‘एकटी’ एवढंच ऐकू आलं.

नंतर नीट आठवून पाहिलं. मशीनचा खालचा भाग उतरवलास, गिअरच्या दांडीचा जोड सोडवलास, शाफ्टमधली ती एवढीशी चावी पाण्यात पडू दिली नाहीस, आणि हे सगळं डुलत्या बोटीवर बसून. बाबा असते तर आपल्या दांडीच्या किनाऱ्यावर भेटेल त्याला थांबवून सांगितलं असतं.

जुन्या इम्पेलरची सगळी पाती जागेवर होती ना? तुटलेलं रबर वर पाण्याच्या वाटेत अडकून बसतं, मग नवा इम्पेलर घालूनही मशीन तापतं. बाबा तुटके तुकडे वर्तमानपत्रावर जुळवून बघायचे. एक कमी असला तरी मशीन परत द्यायचे नाहीत, मग नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली असो आणि दारात रांग असो. ‘आधी पाणी बघ, मगे आवाज आयक,’ हे त्यांचं ठरलेलं. बाजूने पडणारी ती बारीक धार जोरात आहे ना, हे बघितल्याशिवाय ते मशीनच्या आवाजाकडे लक्षच द्यायचे नाहीत. कार्बोरेटरचे जेट साफ करायला मला बसवायचे, माझी बोटं बारीक म्हणून. तेव्हा रॉकेलची मशिनं. पेट्रोलवर सुरू करायची, मग रॉकेलवर टाकायची, बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणायची. तू टेबलाखाली बसून जुने प्लग ओळीने लावायचीस, फ्रॉकचं ग्रीस कधी गेलं नाही.

तुमच्याकडे ब्रिटनमध्ये 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल ओढून घेतं. म्हणून चार दिवस मशीन लागणार नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालू दे. गोडं पाणी जपून वापरावं लागतं हे कळतं, तरी अधूनमधून बादलीभर पाण्यात चालवून आतलं मीठ धू. गिअर ऑइल दुधासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, सील बघ. ऑइल भरताना खालच्या भोकातून भर, वरून बाहेर येईपर्यंत. आणि मशीन आडवं ठेवताना... जाऊ दे. हे सगळं तुला येतं. लिहीत सुटले, राग मानू नकोस.

पण दोरी बांधतेस ना? ती लाल, मशीनच्या क्लिपपासून मनगटाला किंवा पायाला अडकवायची; माणूस पडला की क्लिप निघते आणि मशीन बंद पडतं. 2013 च्या मे महिन्यात तुझ्याच कॉर्नवॉलमध्ये, पॅडस्टोजवळ, एक अख्खं कुटुंब बोटीतून पाण्यात फेकलं गेलं. दोरी कुणाला बांधलेलीच नव्हती. बोट तशीच सुसाट फिरत राहिली. बाप आणि आठ वर्षांची मुलगी गेली. त्यांची बोट मोठी, वेगाची. तुझं मशीन लहान आहे, मान्य. पण तू पडलीस आणि डिंगी पुढे निघून गेली, तर धरायला काय राहतं?

पोहणं तुला शिकवायला नको, दांडीच्या पाण्यात वाढलीस. ते पाणी वेगळं, बाय. थंडीत 10 अंशांच्या आसपास, अंगाला लागताच श्वास आवरत नाही. उधाणाला तुमच्या फाल्मथ बंदरात साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं-उतरतं, म्हणजे ओढही तशीच. लाइफजॅकेट डिंगीत ठेवून उपयोग नाही, अंगात हवं. रोहन म्हणतो तुझ्याकडे हातातला व्हीएचएफ रेडिओ आहे. तो सोबत नेतेस, की बोटीत चार्जिंगला असतो?

तुझा तो फोटो, हात कोपरापर्यंत काळे आणि हसतेयस, मी दुकानात लावलाय. माईनेही बघितला. ‘अगदी बापाचे हात,’ म्हणाली.

रोहनच्या मित्रासोबत काजूगर, कोकम आणि बाबांचा 10 नंबरचा पाना पाठवतेय. पाना मूठीत घट्ट बसावा म्हणून त्यांनी गुंडाळलेली सुतळी तशीच आहे, काढू नकोस.

तुझी,
आई

ता. क. लाल दोरी अजून एक घेऊन बोटीत ठेव. एक हरवली की माणसं क्लिपला नुसती सुतळी बांधून काम भागवतात आणि मग तेच चालू राहतं. दुकानात बघितलंय मी.