'गेम' शब्द खोडा, मग प्रोजेक्ट मंजूर!

संपादक महोदय,

कॉलेजांत कृत्रिम बुद्धिमत्ता कशी शिकवावी, यावर आपल्या सदरात सध्या बरीच पत्रं येत आहेत. बहुतेकांचा रोख महागडे संगणक आणि नव्या लॅबवर आहे. मी पदविकेच्या संगणक शाखेला बाह्य परीक्षक म्हणून सातारा-सांगली भागात जातो. तिथलं थोडं सांगतो.

शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तपासायला बसलं की 'लायब्ररी मॅनेजमेंट', मग 'हॉस्पिटल मॅनेजमेंट', मग पुन्हा 'लायब्ररी मॅनेजमेंट'. बाइंडिंग केलेल्या रिपोर्टसकट हे विकत मिळतात, हे आम्हालाही ठाऊक आहे आणि मुलांनाही. दोन वेगळ्या तालुक्यांतल्या रिपोर्टमध्ये स्पेलिंगची तीच चूक त्याच पानावर सापडते. 'हे बटण दाबल्यावर आत काय होतं?' विचारलं की पोरं पंख्याकडे बघतात.

यंदा एका तंत्रनिकेतनात दोन मुलींनी 'झॉर्क' हा गेम आपोआप खेळणारा प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, दाखवला. झॉर्क हा अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या मंडळींनी 1977 ते 1979 या काळात लिहिलेला गेम. चित्र एकही नाही. तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे हे संगणक इंग्रजीत लिहून सांगतो आणि 'उत्तरेला जा', 'दिवा घे' अशा आज्ञा तुम्ही टाइप करायच्या. लॅबमधल्या सगळ्यात जुन्या मशीनवरही तो चालतो. मुलींचा पायथन भाषेतला प्रोग्रॅम गेमचा मजकूर वाचत होता, पुढची चाल ठरवत होता आणि खोल्यांचा नकाशा मनाशी मांडत होता. प्रत्येक खोलीची नोंद तिच्या नावानं.

गेम जिथे सुरू होतो त्या घराभोवती हे छान चाललं. तळघरापुढच्या चक्रव्यूहात मात्र बॉट अडकला, कारण तिथल्या खोल्यांचं नाव एकच आणि वर्णनही एकच. बॉटच्या हिशेबी ती सगळी एकच खोली! त्यात उत्तरेला गेलात आणि लगेच दक्षिणेला वळलात, तर पहिल्या जागी परताल याचीही खात्री नाही. यावर जुन्या खेळाडूंचा तोडगा असा की, प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकत जायचं. इथे दोर, तिथे बाटली, पुढे चाकू. मुलींनी तेच केलं. पण झॉर्कमध्ये एक चोर हिंडत असतो. 'हा दोर इथे काय करतोय बरं?' असा त्याचा आवाज लांबून ऐकू येतो आणि टाकलेली वस्तू बऱ्याचदा जागेवरून नाहीशी होते. म्हणजे खुणाच बेभरवशाच्या.

मी विचारलं, मग काय केलंत? एक जण म्हणाली, "सर, आवाज आला की ज्या वस्तूचं नाव येतं ती संशयितांच्या यादीत टाकतो. प्रत्येक वेळी तो उचलतोच असं नाही. तिथे परत जाऊन बघेपर्यंत त्या खुणेवर नकाशा बांधायचा नाही." असं उत्तर तोंडी परीक्षेत क्वचितच कानी पडतं. मी दुसरीला कोड उघडायला लावला. तिनं ती ओळ न शोधता दाखवली.

नंतर कळलं की, मूळ प्रस्ताव 'गेम म्हणजे टाइमपास' म्हणून परत आला होता. शीर्षकातून 'गेम' काढून 'टेक्स्ट सिम्युलेशन' घातलं तेव्हा सही मिळाली.

ज्यांना हा टाइमपास वाटतो त्यांच्यासाठी सांगतो. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी 'रोग' (Rogue) हा अक्षरं-चिन्हांनी काढलेल्या भुयारांचा गेम खेळणारा 'रोग-ओ-मॅटिक' हा प्रोग्रॅम लिहिला. त्यांतल्याच मायकेल मॉल्डिननं पुढे 1994 मध्ये 'लायकॉस' हे सर्च इंजिन उभं केलं. आणि महाग मशीनचंच म्हणाल, तर 2021 मध्ये न्यूरिप्स या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधन परिषदेत 'नेटहॅक' या 'रोग'च्याच धर्तीच्या गेमच्या बॉटांची स्पर्धा झाली. पहिला आला तो माणसांनी नियम लिहून घडवलेला बॉट, खेळून खेळून स्वतः शिकणारे, भारी मशीन लागणारे न्यूरल नेटवर्कवाले बरेच मागे. अर्थात, गेम शेवटापर्यंत कुणालाच जिंकता आला नाही, हेही खरं.

परीक्षा मंडळाकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. प्रोजेक्टच्या विषयांत गेम खेळणारे प्रोग्रॅम चालतील, असं परिपत्रकात स्पष्ट लिहावं. आणि तोंडी परीक्षेत, परीक्षक सांगेल तो एक छोटा बदल विद्यार्थ्यानं तिथल्या तिथे कोडमध्ये करून दाखवावा, त्याला वेगळे गुण असावेत. रिपोर्टच्या बाइंडिंगचे गुण कमी केले तरी चालतील.

– एक बाह्य परीक्षक, कराड