सातपूर, अंबड आणि पंचवटीचं तिसरं मत: ताईंना आभारपत्र

नाशिक

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, ही अट पाळतो आहोत. पत्र मात्र उघडं लिहितो. नाशकात ओव्हीएन (अनेक मशीनांवर पसरलेलं व्हर्च्युअल नेटवर्क चालवणारं सॉफ्टवेअर) बसवायला निघालेले आम्हीच काही एकटे नाही, आणि प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटेल याचा भरवसा नाही.

आमच्याकडे तीन मांडण्यांचा तक्ता तयार होता. एकात सगळं एकाच मशीनवर. दुसऱ्यात डेटाबेस एका सर्व्हरवर आणि बाकीची मशीनं व्हर्च्युअल मशीन चालवायला. तिसऱ्यात डेटाबेसचे सर्व्हर राफ्ट क्लस्टरमध्ये, म्हणजे बहुमताने नोंद पक्की करणाऱ्या गटात, बांधलेले. पुढे कोअर, रॅम, खर्च असे रकाने. तुम्ही तक्ता बाजूला सारलात आणि एवढंच विचारलंत: सातपूर आणि अंबडमधली फायबर तुटली, तर कुणाचं काय बंद पडेल? जेसीबी कुठल्या रस्त्यावर कधी उतरेल याचा नेम नसलेल्या शहरात हा प्रश्न फोड करून सांगावा लागत नाही. एकच मशीन शिकायला उत्तम, आणि तेवढ्यालाच ठेवायचं, हेही तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत.

सातपूर आणि अंबडला सर्व्हरच्या दोन खोल्या आहेत म्हणून दोन डेटाबेस, हा आमचा हिशेब होता. तो चुकीचा का, हे तुम्ही बोटांवर दाखवलंत. दोघांत बहुमत म्हणजे दोनच. एक गेला की लिहिणं थांबलं. म्हणजे एका सर्व्हरपेक्षा बरं काहीच नाही, उलट बिघडायच्या जागा दुप्पट. तीन सभासद घेऊन दोन सातपूरला आणि एक अंबडला ठेवले, तरी सातपूरची वीज गेली की अंबडचा एकटा पडतो आणि गप्प बसतो. म्हणून तिसरा पंचवटीत, दोन्हीकडे स्वतंत्र लाइन असलेल्या जागी. तिथे व्हर्च्युअल मशीन एकही नाही, फक्त मत द्यायला एक छोटा सर्व्हर. आम्ही त्यात जुनी हार्ड डिस्क टाकणार होतो, ती तुम्ही काढायला लावलीत ते बरं झालं. मत देणारा उद्या लीडरही (गटाच्या वतीने नोंदी घेणारा सर्व्हर) होऊ शकतो, आणि राफ्टमध्ये नोंद डिस्कवर पक्की बसल्याशिवाय पोच जात नाही. लीडरची डिस्क रेंगाळली की सगळे रेंगाळतात, आणि फॉलोअरना (बाकीच्या सभासदांना) वाटतं लीडर गेला. निवडणुकांवर निवडणुका सुरू होतात. तिन्हीकडे एसएसडीच.

निवडणुकीचा टायमर (लीडर गप्प झाल्यावर नवा निवडण्याआधी किती थांबायचं तो वेळ) मुळात १००० मिलिसेकंदांचा असतो. तो एकदम ८००० करता येत नाही, एका वेळी जास्तीत जास्त दुप्पट: आधी २०००, मग ४०००, मग ८०००. नॉर्थबाउंड (काय हवं ते लिहिलेला) आणि साउथबाउंड (मशीनांनी वाचायचा) या दोन डेटाबेसना तो वेगवेगळा करावा लागतो. वाढवताना किंमतही लक्षात ठेवायची: लीडर खरंच मेला तर नवा ठरायलाही तेवढाच उशीर.

क्लस्टर बांधतानाची चूक तर तुम्ही आधीच ओळखून होतात. पहिल्या सभासदावर ‘क्रिएट’, बाकी दोघांवर पहिल्याचा पत्ता देऊन ‘जॉइन’. तिन्हीवर क्रिएट केलं की कुठेही एरर येत नाही, तीन स्वतंत्र एकेकटे क्लस्टर तयार होतात आणि तिघेही स्वतःला लीडर म्हणवतात. स्टेटस बघताना ‘लीडर’ या शब्दावर समाधान मानायचं नाही, क्लस्टर आयडी तिन्हीकडे तोच आहे का आणि सर्व्हरच्या यादीत तीन नावं आहेत का ते पाहायचं. चुकलंच तर दोघांना थांबवून त्यांच्या रिकाम्या डेटाबेस फाइल काढायच्या आणि नव्याने जोडायचे. पत्तेही विचार करून द्यायचे, कारण क्लस्टरमधल्या सभासदाचा पत्ता नंतर बदलता येत नाही. तो काढून पुन्हा जोडावा लागतो.

त्यानंतरची गोष्ट अगदी साधी, आणि तीच सगळ्यांची राहते. प्रत्येक चॅसीवर (व्हर्च्युअल मशीन किंवा गेटवे चालवणाऱ्या मशीनवर) ‘ओव्हीएन-रिमोट’मध्ये तिन्ही पत्ते स्वल्पविराम देऊन लिहायचे, प्रत्येकापुढे ६६४२ पोर्ट. एकच पत्ता लिहिला तर मागे तीन सर्व्हर असून उपयोग शून्य. नॉर्थडी (नॉर्थबाउंडवरून साउथबाउंड तयार करणारा प्रोग्राम) तिन्हीवर चालू ठेवायचा. एक काम करतो, बाकीचे कुलूप मोकळं व्हायची वाट बघतात. फायरवॉलमध्ये टीसीपी ६६४१ ते ६६४४ आणि टनेलसाठी (पाकिटं गुंडाळून मशीनकडून मशीनकडे नेणाऱ्या जिनीव्हसाठी) यूडीपी ६०८१. यातले ६६४३ आणि ६६४४ सभासदांच्या आपसातल्या बोलण्याचे, ते बाकी कुणाला उघडे नकोत.

बहुमत गेलं तर काय, यावर तुम्ही जास्त वेळ दिलात. चालू वाहतूक चालूच राहते, कारण फ्लो (पाकीट कुठे पाठवायचं याचे नियम) त्या त्या मशीनच्या ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचमध्ये आधीच उतरलेले असतात. नवं मशीन उठत नाही, नवा नियम लागत नाही. अशा वेळी हात शिवशिवतात आणि कुणीतरी ओव्हीएन-कंट्रोलर (डेटाबेस वाचून मशीनवर फ्लो उतरवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करतो. तो विचारणार कुणाला? डेटाबेसशी बोलता येत नाही, म्हणजे जे चालत होतं तेही जाऊ शकतं. ‘आधी बहुमत, मग रीस्टार्ट’ असं तुम्ही दोनदा म्हणालात.

एमटीयूची (एका पाकिटाच्या कमाल आकाराची) चिठ्ठी रॅकच्या दारावर अजून चिकटवलेली आहे. चहाच्या बिलाच्या मागे तुमच्या अक्षरात: १४ + ८ + ८ + ८ + २० = ५८. आतलं इथरनेट, जिनीव्हचं हेडर, त्याचा ऑप्शन, यूडीपी, बाहेरचा आयपी. बाहेर १५०० असेल तर आत १४४२. खाली दोनदा अधोरेखित १४१४. तो पिंगचा आकार, १४४२ मधून आयपी आणि आयसीएमपीचे २८ वजा. तुकडे करू नको असं सांगून मशीनमधून १४१४ चा पिंग गेला पाहिजे आणि १४१५ चा अडला पाहिजे. हे चुकलं की लक्षणं फसवी असतात: साधा पिंग जातो, एसएसएच जोडणी होते आणि चाव्यांच्या देवाणघेवाणीत लटकते, वेबपेज अर्धं उघडतं. माणूस डीएनएस आणि फायरवॉल धुंडाळत बसतो. आत पूर्ण १५०० हवे असतील तर बाहेर किमान १५५८ लागतात, आणि ते वाटेतल्या प्रत्येक स्विचवर. खोलीतल्या स्विचला ९००० देणं सोपं. सातपूर-अंबड भाड्याच्या लाइनला ते झेपेलच असं नाही, म्हणून वाटेतला सर्वांत लहान आकडा धरायचा.

जिनीव्हऐवजी व्हीएक्सलॅन या दुसऱ्या टनेलचा आमचा हट्ट तुम्ही पुरता मोडला नाहीत, फक्त मर्यादा पुढे ठेवल्यात. ओव्हीएनमध्ये त्याच्या २४ बिटांतच नेटवर्क आणि पोर्ट दोन्ही बसवावे लागतात, म्हणून जास्तीत जास्त ४०९६ नेटवर्क आणि एका नेटवर्कमध्ये २०४८ पोर्ट. आम्हाला एवढे कधी लागणार नाहीत, खरं आहे. पण येणाऱ्या पोर्टवरून एसीएल (वाहतुकीला परवानगी देणारे-नाकारणारे नियम) लावणंही त्यात जातं, आणि ते आम्हाला हवं होतं. उलट बाजूही तुम्ही लपवली नाहीत: काही जुन्या १० जी कार्डांना व्हीएक्सलॅनचं ऑफलोड (टनेलचं काम कार्डानेच उचलणं) येतं, जिनीव्हचं येत नाही, मग सगळा भार सीपीयूवर. ईथटूलमध्ये यूडीपी टनेल सेगमेंटेशनची ओळ पाहायची, आणि तेवढ्यावर न थांबता आयपर्फने जिनीव्हवरचा वेग प्रत्यक्ष मोजायचा. मगच कार्ड ठरवायचं.

गेटवेबद्दल (बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या मशीनबद्दल) आमचं मत अजून थोडं वेगळं आहे, तरी तुमचंच ऐकलं. एक सातपूरला, एक अंबडला, मध्ये बीएफडी (समोरचा जिवंत आहे का ते सतत तपासणारा), असं आम्ही आखलं होतं. मधली लाइन तुटली की दोघांनाही वाटणार समोरचा मेला, आणि बाहेरचा एकच पत्ता दोन्हीकडून पुकारला जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक खोलीला स्वतःचा लॉजिकल राउटर आणि त्याच खोलीत वेगवेगळ्या प्रायॉरिटीचे दोन गेटवे. दोन मशीनं जास्त लागली, ती आम्हाला अजूनही टोचतात. फ्लोटिंग आयपी (व्हर्च्युअल मशीनला दिलेले बाहेरचे पत्ते) गेटवेवर न ठेवता वाटून दिले तर प्रत्येक कंप्युट मशीनपर्यंत बाहेरचा व्हीलॅन न्यावा लागतो आणि ब्रिज-मॅपिंगही (बाहेरचं कुठलं नेटवर्क कुठल्या ब्रिजला, ते) तिथेच लिहावं लागतं. फ्लोटिंग आयपी नसलेल्या मशीनची वाहतूक तरीही गेटवेवरूनच जाते. आमच्याकडे फ्लोटिंग आयपी मोजके, म्हणून केंद्रात ठेवले.

आणि ती सिस्टम-आयडीची, म्हणजे मशीनच्या वेगळ्या ओळखीची, फाइल! एका मशीनची इमेज काढून दहा मशीनं उठवली, तर ओपन व्हीस्विचच्या फोल्डरातली ती फाइल दहा ठिकाणी सारखीच जाते. मग दहा चॅसी एकाच नावावर हक्क सांगतात, साउथबाउंडमधली नोंद एकमेकांवर खोडून लिहितात आणि टनेलचा पत्ता सतत फिरत राहतो. इमेज काढण्याआधी ती फाइल पुसायची, हे आता आमच्या यादीत पहिल्या ओळीवर आहे.

तुमच्या १० जीच्या दोन एसएफपी (स्विचला फायबर जोडायचे प्लग) अजून अंबडच्या स्विचमध्ये अडकल्या आहेत. आमच्या आल्या की तुमच्या काढून, पुसून, घरी आणून देतो. चहाचं बिल मात्र परत मिळणार नाही.

आपले नम्र,
सातपूर-अंबडची नेटवर्कवाली मंडळी