ताई, ती फाइल तुम्ही पाठवली नाहीत म्हणून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे रे" म्हणता, आणि फोनवर विषय काढला की "बाग काय म्हणतेय?" विचारून मोकळ्या होता. म्हणून हे उघड पत्र लिहितोय. चारचौघांत मानलेले आभार तुम्हाला परत करता येणार नाहीत.

आधी एक कबुली देतो. पहिल्या रात्री मला तुमचा चांगलाच राग आला होता. मी मागितलं होतं ते फार नव्हतं: रास्पबेरी पाय झीरो या इवल्याशा संगणकासाठी लिनक्स कर्नलची (म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची) तयार कॉन्फिग फाइल, म्हणजे गाभ्यात काय घ्यायचं नि काय नाही याची यादी. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे आहे, पण देणार नाही. तुझ्या पडद्यावर काय दिसतंय ते सांग." मी म्हटलं, मला वाटतंय की पायचं एसडी कार्ड खराब असावं. तर म्हणालात, "काय वाटतंय ते नको. काय दिसतंय?" फोन ठेवल्यावर मी आईला म्हणालो की पुण्याला गेलेली माणसं बदलतात.

ज्यांना आमचा खटाटोप ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली, फूट निघाली, की घरात एकच धास्ती असते ती दावण्याची, म्हणजे डाऊनीची. ढग आले की वडील फवारणीचा पंप काढतात. पान खरोखर किती तास ओलं होतं, रात्री हवेत दमटपणा किती होता, हे कळलं तर काही फवारण्या वाचतील म्हणून मी एक डबा बनवायला घेतला. त्यात पाय झीरो, डीएचटी-२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, पानाच्या ओलाव्याची पट्टी, ती वाचायला एडीएस-१११५ ही चिप, वेळेसाठी डीएस-३२३१ घड्याळ (या पायला स्वतःचं घड्याळ नसतं), बॅटरी आणि लहानसं सोलर पॅनेल. दर अर्ध्या तासाला टायमर पायला जागं करणार, पाय नोंद घेऊन पुन्हा झोपणार. अडचण अशी की जागं व्हायलाच त्याला ३८ सेकंद लागायचे, आणि सलग ढगाळ दिवस आले की बॅटरी बसायची. नेमकं ढगाळ दिवसांतच नोंदी हव्यात! तेव्हा ठरवलं की कर्नल स्वतः बांधायचा, नको ते सगळं काढून.

पहिली ठेच प्रोसेसरच्या नावावरच लागली. कर्नल बांधताना तो कुठल्या आर्किटेक्चरसाठी, म्हणजे प्रोसेसरच्या कुठल्या घराण्यासाठी आहे हे आधी सांगावं लागतं. मी शहाणपणा करून पायवर सीपीयूइन्फो, म्हणजे प्रोसेसरच्या माहितीचं पान, उघडून पाहिलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: सीपीयू आर्किटेक्चर, ७. मग काय, एआरएम-व्ही-७! त्यासाठी 'बीसीएम २७०९ डेफकॉन्फिग' (सुरुवातीला घ्यायची मूळ कॉन्फिग) असते असं वाचलं होतं. ती घेतली, घरच्या जुन्या लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल केलं (एका यंत्रावर बसून दुसऱ्यासाठी बांधलं), मधे एकदा लाइट गेली ते धरून दीड तास लागला. तयार झालेली फाइल कर्नल.आयएमजी या नावाने कार्डवर टाकली, आणि टीव्हीवर नुसता इंद्रधनुषी रंगांचा चौकोन. त्यापुढे काही नाही.

"तो चौकोन फर्मवेअरचा, म्हणजे कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे," तुम्ही सांगितलंत, "म्हणजे कार्ड वाचलं गेलं. अडलं ते कर्नलच्या दारात. आता त्याच सीपीयूइन्फोमधली मॉडेलच्या नावाची ओळ वाच, शेवटपर्यंत." वाचली. एआरएम-व्ही-६ कंपॅटिबल प्रोसेसर, रिव्हिजन ७, आणि कंसात व्ही-६-एल. यूनेम या कर्नलची ओळख सांगणाऱ्या आज्ञेला विचारलं तर तीही व्ही-६-एल म्हणाली. एकाच पानावर दोन ओळी, एक ७ म्हणते आणि एक ६. मी तुम्हाला म्हटलं की हे खोटं बोलतंय. तुम्ही हसलात.

त्यानंतर तुम्ही जे समजावलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. झीरोवरची चिप बीसीएम २८३५, आणि तिच्यातला गाभा एआरएम ११७६. सूचनासंच व्ही-६ चाच. पण स्वतःची ओळख सांगायची त्याची पद्धत नवी, आणि मेमरी सांभाळायची रचना व्ही-७ च्या धाटणीची. कर्नल आर्किटेक्चरचा तो आकडा त्या मेमरीच्या नोंदीवरून ठरवतो, म्हणून ७ छापतो. कोणी खोटं बोलत नव्हतं, मी विचारलेला प्रश्न आणि त्या ओळीचं उत्तर यांचा मेळच नव्हता. झीरो आणि अगदी पहिल्या पायसाठी लागते ती 'बीसीएम आरपीआय डेफकॉन्फिग'. २७०९ वाली पाय २ आणि ३ साठी, आणि तिचा कर्नल 'कर्नल ७' या नावाने ठेवतात. ते ७ मी स्वतःच्या हाताने खोडून कर्नल.आयएमजी केलं होतं!

याच सुमारास तुम्ही एसटीच्या पार्सलने ती केबल पाठवलीत. यूएसबी ते टीटीएल, म्हणजे पायचे संदेश लॅपटॉपवर दाखवणारी, सोबत चिठ्ठी: "३.३ व्होल्टचीच आहे. ५ व्होल्टची लावलीस तर पाय जाईल. सहा नंबरच्या पिनवर ग्राउंड, आठ आणि दहावर बाकीच्या दोन, उलटसुलट. वेग १,१५,२००." त्या केबलचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत. या पत्राचं खरं कारण ती केबलच आहे म्हणा ना. तोवर मी मुक्या जनावराचा आजार ओळखायला निघालो होतो. केबल लावल्यावर ते बोलायला लागलं, आणि बोलायला लागलं ते पॅनिक होऊनच, म्हणजे कर्नलने हात टेकूनच.

कारण तोवर माझ्या अंगात छाटणी संचारली होती. मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कॉन्फिग बदलायच्या यादीत, प्रत्येक गोष्टीपुढे तीन पर्याय: वाय म्हणजे कर्नलच्या पोटात, एम म्हणजे बाहेर मॉड्यूल म्हणून, एन म्हणजे नकोच. मला वाटलं, जेवढं एम करू तेवढा कर्नल हलका. तशात ईएक्सटी-४ (कार्डावरच्या फाइली ज्या पद्धतीने मांडलेल्या असतात ती फाइल सिस्टीम) पण एम केलं. पडद्यावर आलं: व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस, अननोन ब्लॉक, १७९ स्वल्पविराम २. मी पुन्हा "कार्ड गेलं" म्हणणार होतो, पण आता जरा शिकलो होतो. फक्त आकडे वाचून दाखवले.

"१७९ म्हणजे एसडी कार्ड, २ म्हणजे त्यावरचं दुसरं पार्टिशन," तुम्ही म्हणालात. "कार्ड त्याला दिसतंय. त्यावरचं वाचता येत नाहीये. वाचायला शिकवणारं मॉड्यूल कुठे ठेवलंस?" त्याच कार्डच्या दुसऱ्या पार्टिशनवर! कुलूप लावलेल्या कपाटातच किल्ली. इनिटरॅमएफएस (सुरू होताना मेमरीत उघडणारी तात्पुरती फाइल सिस्टीम) नसेल तर मुळातली फाइल सिस्टीम आणि कार्डाचा ड्रायव्हर पोटातच हवा, एवढं साधं. ही चूक नवशिके नेहमी करतात असं तुम्ही म्हणालात, आणि मला जरा बरं वाटलं.

मधली एक भानगड तुम्हाला सांगितलीच नव्हती, आज सांगतो. एका संध्याकाळी घाईत मेक मेन्यूकॉन्फिगच्या आधी 'आर्च बरोबर आर्म' (आर्म प्रोसेसरसाठी बांध, हा हुकूम) लिहायला विसरलो. लॅपटॉपने मुकाट्याने स्वतःचंच, म्हणजे इंटेल घराण्याच्या एक्स-८६ चं झाड उघडलं. इंटेलचे पर्याय दिसायला लागल्यावरही मी वेड्यासारखा 'हे नको, ते नको' करत राहिलो आणि जतन केलं. दोन दिवसांची कॉन्फिग गेली. तेव्हापासून फाइलची प्रत आधी काढतो, आणि ती अक्षरं शेलमध्येच कायमची बसवून टाकलीत.

सेन्सरच्या ड्रायव्हरांनी मात्र खरी करमणूक केली. डीएस-३२३१ नावाचा पर्याय यादीत शोधूनही सापडेना. तो निघाला डीएस-१३०७ च्या नावाखाली. डीएचटी-२२ पाहावा तर तो डीएचटी-११ च्या घरात. एडीएस-१११५? एडीएस-१०१५ कडे. मी वैतागलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "ज्या चिपसाठी ड्रायव्हर पहिल्यांदा लिहिला तिचंच नाव राहतं, पुढची भावंडं त्याच घरात येतात. तुमच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे ना?" आहे. शेत तीन चुलते कसतात. त्या दिवसापासून मी मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून शोधतो आणि खाली 'डिपेंड्स ऑन' काय लिहिलंय ते आधी वाचतो. डीएचटी-११ दिसतच नव्हता, कारण तो सेन्सरांच्या ज्या आयआयओ विभागात राहतो तो अख्खा विभागच मी छाटला होता. फांदी कापून घड शोधत बसलेलो.

ड्रायव्हर बसले तरी सेन्सर दिसेनात, त्याची गोष्ट थोडक्यात: पीसीवर बहुतेक उपकरणं आपली ओळख आपण सांगतात, पण आपल्या या बोर्डावर पिनेला लावलेला सेन्सर तोंड उघडत नाही. कुठल्या पिनेवर कोण बसलंय ती यादी कर्नलच्या हातात द्यावी लागते, तिलाच डिव्हाइस ट्री म्हणतात. कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये ओव्हरलेच्या, म्हणजे त्या यादीच्या पुरवण्यांच्या, तीन ओळी घातल्या आणि तिघेही हजर झाले.

मला वाटलं संपलं. मग लॅपटॉपवर बांधलेला माझा नोंदी घेणारा प्रोग्रॅम पायवर चालवला आणि तो एका ओळीत मेला: इल्लीगल इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना. त्याच लॅपटॉपवर, त्याच कंपायलरने बांधलेला कर्नल ठणठणीत चालतोय आणि चाळीस ओळींचा प्रोग्रॅम चालत नाही! यावर तुम्ही पहिल्यांदाच मला विचार करायला एक रात्र दिलीत. मला नाही जमलं. सकाळी तुम्ही सांगितलंत: कर्नल स्वतःच्या कॉन्फिगमधून कंपायलरला बजावतो की व्ही-६ च्या पुढे जायचं नाही, आणि तो बाहेरची लायब्ररी वापरत नाही. माझा प्रोग्रॅम मात्र डेबियन या लिनक्स प्रणालीच्या एआरएम-एचएफ कंपायलरने बांधलेला, आणि डेबियनच्या त्या नावात व्ही-७ गृहीत असतं. रास्पबेरीवाल्यांच्या प्रणालीतही तेच नाव, पण तिथे व्ही-६. मी व्ही-६ चा हुकूम देऊन पाहिला, तरी पडलाच, कारण सुरुवातीचे लायब्ररीचे तुकडे आधीच व्ही-७ साठी बांधलेले. "एवढासा प्रोग्रॅम आहे, पायवरच कंपाइल कर की," म्हणालात. अकरा सेकंद लागले.

या सगळ्या खटपटीत एक वाक्य मला फार आवडलं होतं, तुम्हीच सांगितलेलं. १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे पुढच्या लिनक्सची, पहिली खबर दिली, तेव्हाच लिहिलं होतं की ही दुसऱ्या यंत्रावर नेता येण्याजोगी नाही, इंटेलच्या ३८६ प्रोसेसरला बांधलेली आहे. आज त्याच कर्नलमधला 'आर्च' नावाचा फोल्डर उघडला की आर्म, रिस्क-व्ही, पॉवरपीसी, आयबीएमच्या मेनफ्रेमचं एस-३९०, सगळी बिऱ्हाडं दिसतात. आणि जिच्यासाठी हे सुरू झालं ती ३८६? तिचा आधार ३.८ या आवृत्तीत, २०१३ मध्ये काढून टाकला.

हिशोबही सांगतो, कारण तुम्हाला तो विचारायची सवय आहे. ३८ सेकंदांचे १७ झाले. मी गावभर सांगत होतो की कर्नल छाटल्यामुळे. तुम्ही सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ (सुरू होताना वेळ कुठे गेला ते दाखवणारी आज्ञा) चालवायला लावलंत आणि माझी हवा गेली: कर्नलने वाचवले जेमतेम तीन सेकंद, बाकीचे सगळे नको असलेल्या सेवा बंद केल्यामुळे. ते मला अजूनही थोडं खुपतं. पण बॅटरी टिकते. गेल्या हंगामात ढग आले तरी वडिलांनी दोनदा पंप आत ठेवला. पाहिलं त्यांनी आकड्यांकडे, पण म्हणाले, "मला वाऱ्यावरून कळलं होतं." असो.

कर्नलला मी माझं शेपूट लावलंय. कॉन्फिगमधल्या लोकलव्हर्शनमध्ये नाव टाकलं की मॉड्यूल वेगळ्या फोल्डरात जातात, जुन्यांवर चढत नाहीत, हे तुम्हीच सांगितलेलं. आमच्या डब्याला यूनेम विचारलं की शेवटी 'सोनाका' हे द्राक्षाच्या जातीचं नाव येतं. पुढच्या वर्षी माणिक चमन या दुसऱ्या जातीच्या बागेत दुसरा डबा बसवायचाय.

शेवटची कबुली. महिन्यापूर्वी पलूसकडचा डिप्लोमाचा एक मुलगा आला, डबा पाहून गेला आणि रात्री त्याने माझी कॉन्फिग फाइल मागितली. मी दोन मिनिटं तुमच्यासारखं कडक व्हायचा प्रयत्न केला. नाही जमलं, पाठवून दिली. कुठला पाय आहे तेही विचारलं नाही. पाय ३ होता. परवा त्याचा मेसेज आला: "दादा, टीव्हीवर नुसता रंगीत चौकोन दिसतोय. कार्ड खराब असेल का?"

रविवारी जातोय त्याच्याकडे. तुमची केबल सोबत नेतोय, तेवढी परवानगी असू द्या.

तुमचा,
तासगावचा डबेवाला