ताई, तुम्ही स्वयंपाक करणारीला आत बोलावलंत

ताईंना सप्रेम नमस्कार.

सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशकाच्या जागेवरून तुमची बदली झाल्याचं तिथे गेल्यावरच कळलं. भेट राहून गेली, म्हणून हे पत्र. ते उघडच लिहिते आहे, कारण आमच्या अमळनेरात माझ्या ओळखीच्या किती तरी घरांत सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतात चरबी साठलेली, असं लिहून आलंय आणि पुढे काय करायचं हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही. तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावं असं फार वाटतं.

यांचा रिपोर्ट आला तेव्हा ग्रेड २, म्हणजे मध्यम चरबी होती, एसजीपीटी (यकृताला त्रास झाला की रक्तात वाढतं ते) ७८ आणि वजन ८६ किलो. आधी एका खाजगी दवाखान्यात दाखवलं होतं. तिथून छापील तक्ता मिळाला: ओट्स, ऑलिव्ह ऑइल, ब्रोकोली. बाजारपेठेत बियाण्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाने ते कुठून आणायचं आणि मी त्याचं करायचं काय? तो कागद फ्रिजवर तसाच राहिला.

सरकारी दवाखान्यात तुमच्या टेबलासमोर हे बसले, मी दाराशी उभी होते. तुम्ही पहिला प्रश्न यांना विचारलाच नाही. "घरात स्वयंपाक कोण करतं?" म्हणालात आणि मला आत बोलावून खुर्ची दिलीत. तेलाचा डबा किती दिवस पुरतो ते विचारलंत. पाच माणसं, पंधरा किलोचा डबा, जेमतेम तीन महिने. तुम्ही तिथेच हिशेब मांडलात: माणशी महिन्याला किलोभर तेल, आणि लागतं साधारण त्याच्या निम्मं. मग भरताचं विचारलंत. आमच्याकडे भरीत म्हणजे तुरकाठ्यांवर भाजलेली वांगी, मुसळीने ठेचलेली, आणि वर तेलात न्हाऊन निघालेली फोडणी. ते बंद करा असं तुम्ही म्हणाला नाहीत. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे प्लास्टिकचं माप असतं ना, ते तेलाच्या बरणीशेजारी ठेवायला सांगितलंत. "आधी नेहमीसारखं ओता, पण मोजून ओता. मग दर आठवड्याला एक माप कमी करा." मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे तेवढेच राहिले. तेल निम्म्यावर आलं तरी सासूबाईंच्या लक्षात आलं नाही, आणि त्यांच्या जिभेला फसवणं सोपं नाही. आता तोच डबा पाच महिने जातो.

कळण्याच्या भाकरीचं तुम्ही कौतुक केलंत, तेव्हा मला खरंच भरून आलं. ज्वारी-उडदाची ती भाकरी आम्हीच गरिबाचं खाणं समजून मागे सारली होती. त्यात डाळ आहे, कोंडा आहे, पोट लवकर भरतं. गव्हाच्या चार पोळ्यांऐवजी दीड भाकरी आणि ताटात अर्धी भाजी, एवढं साधं गणित. शेवभाजी पंधरा दिवसांतून एकदा, तीही वरची तर्री काढून. केळीबद्दल तर सगळ्यांनीच घाबरवलं होतं. तुम्ही म्हणालात, अख्खं केळं एक खा. साखर घातलेलं शिकरण आणि तळलेले वेफर्स नकोत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसही झाला. जेवणाबरोबर एक वाटी, साखर न घालता.

खरी मेख दुकानातल्या चहात होती. गिऱ्हाईक आलं की चहा, दिवसाला आठ कप, कपात दोन चमचे साखर. तुम्ही ती ८० ग्रॅम साखर कागदावर काढून दाखवलीत. साखरेत निम्मं फ्रुक्टोज असतं, ते बहुतेक यकृतालाच हाताळावं लागतं आणि जास्तीचं तिथेच चरबी होऊन साठतं, हे ऐकल्यावर यांनी स्वतःहून बिनसाखरेची कॉफी धरली. थंड पेयांच्या बाटल्या दुकानातून गेल्या.

एक गोष्ट मात्र मी जन्मभर विसरणार नाही. लिव्हरचा आजार म्हटलं की लोक थेट दारूवर येतात. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली होती, हे मान खाली घालून फिरत होते. सासूबाई तुमच्यासमोर रडल्या, "मना आंडोर दारूले हात बी लावत नही," माझा मुलगा दारूला हातही लावत नाही म्हणून. तुम्ही त्यांचा हात धरलात आणि सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलंत की दारू न पिणाऱ्यालाही हे होतं, पोटाचा घेर, मधुमेह, बैठं काम यांतून ही चरबी येते. पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत असावा म्हणालात आणि टेप लावून मोजलात. माऊलीच्या चेहऱ्यावरचा ताण त्या दिवशी उतरला. औषधापेक्षा कमी नव्हतं ते.

काढे आणि चूर्णं घेऊन येणारेही होतेच. तुम्ही यांना निक्षून सांगितलंत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, कारण पोटात जाईल ते यकृतालाच निस्तरावं लागतं. गुळवेलीनेही काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. उपाशी राहून झटपट वजन उतरवायलाही तुम्ही बंदी घातलीत.

चालण्याचं जरा कठीण गेलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर, आणि पावसाच्या तोंडावर बियाण्याची गर्दी. तुम्ही आठवड्याची १५० मिनिटं लहान लहान तुकड्यांत वाटून दिलीत: पहाटे ऊन चढायच्या आत बोरी नदीच्या बाजूला, आणि रात्री जेवल्यावर गल्लीत. वजन हललं नाही तरी चालण्याने यकृतातली चरबी कमी होते, हे सांगून ठेवलं होतंत म्हणूनच वजनकाटा अडला त्या महिन्यात हे थांबले नाहीत.

आता वजन ७९ आहे. पाच टक्के उतरलं की चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांत सूजही उतरते, असं तुम्ही सांगितलं होतंत. एसजीपीटी ३८ आलं. यकृत किती कडक झालंय ते मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणीही केली, त्यात ते कडक झालेलं नाही.

वाचणाऱ्यांना एवढं सांगते: केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं आहे. सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरच्या त्या विभागात समुपदेशक असतील तर जरूर भेटा, आणि घरात चूल सांभाळणाऱ्या माणसाला सोबत न्या.

ताई, जेठांच्या सोनोग्राफीतही तेच निघालंय. जाऊबाईंना मी औषधाचं ते माप देऊन आले. पण तुमच्यासारखं समजावणं मला जमत नाही, तेव्हा नव्या गावचा फोन नंबर दवाखान्यात कळवून ठेवा. आम्ही त्या दोघांना घेऊन येतो.

तुमची,
अमळनेरची एक गृहिणी