बेल्टच्या एका दात्याचा फरक: मेस्त्रीकाकांना आभाराचं पत्र

मेस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

टायमिंग बेल्ट (पिस्टनने फिरणारा क्रँक आणि वाल्व म्हणजे झडपा उघडणारा कॅम यांना जोडणारा दातेरी पट्टा) बदलल्यापासून ही कार्बोरेटरवाली मारुती ८०० चढावर धाप टाकत होती. स्लोला ठीक चालायची, पण दुसऱ्या गिअरमध्ये पिकअपच नाही. वेग वाढला की जराशी सुधारायची. कार्बोरेटर उघडा, क्लच गेलाय, असे सल्ले मिळत होते. तुम्ही एकही पार्ट न बदलता दोष पकडलात. तुमची तपासणी इथे जशी झाली तशी मांडतोय, कारण हाच घोळ आणखी कितीतरी गाड्यांत दडलेला असणार.

तुमची नजर आधी डिस्ट्रीब्युटरवर (प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) गेली. त्याच्या पट्टीवर जुन्या नटाचा स्वच्छ, गोल ठसा होता आणि नट मात्र त्या ठशापासून सरकून खाचेच्या टोकाला टेकला होता. हा डिस्ट्रीब्युटर कॅमवर चालतो. बेल्ट एक दाता मागे बसला की वाल्व आणि करंट दोन्ही उशिरा येतात. मग कुणीतरी टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावतो, डिस्ट्रीब्युटर फिरवून खूण जुळवतो आणि गाडी सोडून देतो. करंट जागेवर येतो, वाल्व मागेच राहतात.

मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलंत: इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. ८.५, ८.५, ९ किलो. बेल्ट बदलण्याआधीची नोंद १२ ची होती. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकूनही काटा जेमतेम हलला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा शाबूत. एखादा वाल्व जळला तर एकच सिलिंडर पडतो. तिन्ही सारखेच पडले की टायमिंग बघायचं. इनटेक वाल्व उशिरा बंद होतो आणि आत घेतलेली हवा पिस्टन वर येताना परत मॅनिफोल्डमध्ये (हवा येण्याच्या नळीत) ढकलली जाते. कमी वेगात हे जास्त जाणवतं, म्हणून गाडी चढावरच रडत होती.

मॅनिफोल्डमधली ओढ मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजनेही तेच सांगितलं: पाऱ्याचे १२ इंच, काटा स्थिर. समुद्रकाठी निरोगी इंजिन १७ ते २१ दाखवतं, पुण्याच्या उंचीवर त्यात दीड-दोन इंच वजा धरायचे, हे तुम्ही आठवणीने सांगितलंत. नाहीतर पुण्यातली चांगली गाडीही आजारी वाटायची.

एका दात्याने एवढं का बिघडतं? कॅमच्या गिअरला क्रँकच्या दुप्पट दाते असतात. ४० दाते धरले तर एक दाता म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८.

चूक कुठे झाली तेही दाखवलंत. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) नसलेली बेल्टची बाजू बसवतानाच ताणलेली हवी, सगळी ढील टेन्शनरकडे यायला हवी. ढील उलट बाजूला राहिली की क्रँक आधी फिरतो, कॅम मागून येतो. शिवाय खूण क्रँकच्या बाहेरच्या पुलीवर बघायची नाही, तिच्यामागच्या दात्यांच्या गिअरवर बघायची, आणि तीही अगदी समोरून. तिरकं बघितलं की एक दाता सहज फसवतो.

बेल्ट परत नीट बसवल्यावर प्लग काढूनच ठेवलेत आणि गोटी पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलात, तोही चालण्याच्याच दिशेने. खुणा पुन्हा जुळल्यावर मगच टेन्शनरचा बोल्ट आवळलात. हे काम पाच मिनिटांचंही नाही, आणि नेमकं तेच टाळलं जातं.

सगळ्यात मोठे आभार पुढच्या गोष्टीसाठी. स्टार्टर मारायच्या आधी तुम्ही डिस्ट्रीब्युटर जुन्या ठशावर परत आणलात. बेल्ट सरळ झाला आणि डिस्ट्रीब्युटर तसाच राहिला असता, तर करंट १८ अंश आधी पडला असता. चढावर खडखड आणि पुढे पिस्टनला धोका. बारीक सेटिंग मग टायमिंग लाइटखाली केलंत. त्यानंतर तिन्ही सिलिंडर १२, गेज १७.

बेल्ट कव्हरच्या आतल्या बाजूला तुम्ही मार्करने तारीख, किलोमीटर आणि तिन्ही कॉम्प्रेशन लिहून ठेवलेत. पुढच्या वेळी ते कव्हर उघडणाऱ्या मेस्त्रीच्या वतीनेही, आत्ताच, मनापासून आभार.

तुमचे,
८०० वाले