खुलं पत्र: डिग्रीला पैसे आहेत, रिसर्चला कुठे आहेत?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

परदेशी शिष्यवृत्तीची जाहिरात आली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ती टाकतं आणि लगेच खाली प्रश्न सुरू होतात, पीएचडी पुण्यातच चालू आहे, फक्त सहा महिने तिकडच्या लॅबमध्ये जायचंय, चालेल का? उत्तर दरवेळी तेच, नाही चालत. हे पत्र त्यासाठी आहे. जागा वाढवा असं मी म्हणत नाहीये, वाढवल्यात तर आनंदच आहे.

राज्याच्या योजना भरपूर आहेत, सामाजिक न्याय खात्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, ओबीसींसाठीची, आदिवासी विकासची, सारथीची, आणि तुमच्या खात्याची खुल्या प्रवर्गासाठीची. पण सगळ्या एकच धरून चालतात की मुलगा किंवा मुलगी तिकडे ॲडमिशन घेणार आणि पूर्ण मास्टर्स नाहीतर पूर्ण पीएचडी करणार. सायन्समध्ये काम बऱ्याचदा असं होतच नाही हो. एखादं मशीन इथे नसतं, एखादं टेक्निक तिकडच्या एकाच ग्रुपला जमतं, तीन-चार महिने जायचं, शिकायचं, डेटा घ्यायचा आणि परत येऊन थिसिस लिहायचा. त्या तीन-चार महिन्यांसाठी राज्याच्या एकाही योजनेत कॉलम नाही.

त्यात रँकिंगची अट. जाहिरातीत युनिव्हर्सिटी क्यूएस रँकिंगमध्ये, म्हणजे जगभरच्या विद्यापीठांच्या क्रमवारीत, पहिल्या २०० त हवी असं असतं. जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्था, हायडेलबर्गची ईएमबीएल ही जीवशास्त्राची लॅब, जिनिव्हाची सर्न ही कणभौतिकीची लॅब, या रँकिंगमध्ये कुठे सापडणार? त्या युनिव्हर्सिटीच नाहीत! म्हणजे जिथे जायला मिळालं तर अख्ख्या डिपार्टमेंटने पेढे वाटावेत, ती जागा आपल्या फॉर्ममध्ये भरताच येत नाही. आणि गंमत म्हणजे भारत २०१७ पासून सर्नचा असोसिएट मेंबर आहे, वर्गणी भरतो, आणि एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संघटनेच्या फेलोशिप आणि छोट्या एक्स्चेंज ग्रँट आपल्या पोरांना २०१६ पासून खुल्या आहेत. दिल्लीने दार उघडून ठेवलंय आणि आपण मुंबईत बसून रँकिंग तपासतोय.

तुम्ही म्हणाल बाहेरच्या फेलोशिप आहेत की. आहेत, आणि चांगल्या आहेत. बीटेकवाल्यांना उन्हाळी इंटर्नशिपसाठी जर्मनीच्या डाडची वाईज आहे, कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक आहे, पीएचडी करणाऱ्यांना अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू, नंतर पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या रिसर्चला, जर्मनीची हुम्बोल्ट आणि युरोपियन युनियनची मारी क्युरी, ज्यात कुठल्याही देशाच्या माणसाला अर्ज करता येतो. पण यातल्या बऱ्याच फेलोशिपचं कॅलेंडर बरंच आधीचं असतं. मारी क्युरीचा फॉर्म सप्टेंबरात भरायचा, निकाल फेब्रुवारीत, जॉइन त्यानंतर. पुण्यात पाषाणला किंवा गणेशखिंडला मोठ्या रिसर्च संस्थांत असलेल्या पोराला हे सीनियर्सकडून आपोआप कळतं. नांदेड किंवा परभणीहून विद्यापीठात एमएस्सीला आलेल्या मुलीला कळतं तेव्हा तारीख उलटून गेलेली असते. तिला कुणी अडवलेलं नसतं, फक्त सांगितलेलं नसतं.

आता पैशाचं. जर्मनीच्या स्टुडंट व्हिसाला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. चार महिन्यांचा हिशोब केला तरी चार लाखांच्या आसपास जातो, वर विमान आणि इन्शुरन्स. केंद्राच्या इन्स्पायर फेलोशिपवर पीएचडी करणाऱ्या ज्युनियर फेलोला महिना ३७,००० मिळतात, तेही वेळेवर आले तर. आणि कॉन्फरन्सच्या बऱ्याच ट्रॅव्हल ग्रँटची पद्धत अशी की आधी खिशातून खर्च करा, परत आल्यावर बोर्डिंग पासासकट बिलं लावा, मग बघू. ज्याच्या खिशात आधीच आहेत त्यालाच मदत, असा हा प्रकार. माझ्या ओळखीच्या एका ज्युनियरने तिकीट काढायला गावाकडच्या पतपेढीचं कर्ज घेतलं, ग्रँट मंजूर झालेली असताना!

वेळेचं काय होतं ते इतिहासातही आहे. बाबासाहेबांना १९१३ साली सयाजीराव महाराजांनी कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर. मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ ला त्यांना परत यावं लागलं, पुन्हा जायला १९२० उजाडलं, तेही स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राचं कर्ज असं जमवून. ज्यांच्या नावाने आपली योजना चालते ते शाहू महाराज नियमात बसतं का हे विचारत बसले असते तर काय झालं असतं कोण जाणे.

आणि हे आपल्याच राज्याच्या कामाचं आहे. हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय, २,६०० कोटींचा प्रकल्प, २०२३ मध्ये मंजूर झालाय. स्क्वेअर किलोमीटर ॲरे (एसकेए) या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीसाठी केंद्राने १,२५० कोटी मंजूर केलेत आणि त्याचं भारतातलं काम आपल्या गणेशखिंडच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्रातून चालतं. लायगोचे चालू डिटेक्टर अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टनला आहेत, एसकेएच्या अँटेना दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात. उद्या औंढ्याला मशीन चालवणारी माणसं लागणार ती कुठेतरी जाऊन हात काळे करून आलेली असायला नकोत का? मराठवाड्यातली पोरं तिथे फक्त सिक्युरिटी आणि कँटीनलाच लागणार असतील तर मग बोलायलाच नको.

मागणी साधी आहे. तीन ते सहा महिन्यांच्या रिसर्च मुक्कामासाठी राज्याचा एक छोटा फंड काढा. अर्ज वर्षभर चालू, निर्णय सहा आठवड्यांत, कारण होस्ट प्रोफेसर सहा महिने पत्र धरून बसत नाही. रँकिंगच्या जागी होस्टचं पत्र आणि इथल्या गाइडचं पत्र, दोन्ही नीट वाचू शकणारे दोन-तीन सायंटिस्ट कमिटीत घ्या, पुण्यात कमी नाहीत. पैसे निघायच्या आधी खात्यात. जामीनदार आणि बाँडची भानगड चार महिन्यांसाठी नको, परत आल्यावर कॉलेजमध्ये एक सेमिनार देणं बंधनकारक करा, ते जास्त उपयोगाचं. आरक्षणाचे नियम लागू ठेवा, उत्पन्नाची मर्यादाही ठेवा, त्याबद्दल तक्रार नाही.

उन्हाळी इंटर्नशिपवाले मे महिन्यात निघतात आणि व्हिसाची गडबड त्याआधी दोन-तीन महिने असते. मार्चच्या बजेटची वाट बघितली तर त्यांचं हे वर्ष गेलंच, पण हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडता ना, त्यात एक ओळ टाकली तर जमतंय. मसुदा लिहून द्यायला आम्ही चार-पाच जण तयार आहोत, मंत्रालयात यायची गरज नाही, तुमचा पीए पुण्यात असला की सांगा.

आपला,
गणेशखिंडचा एक पोस्टडॉक, पुणे